शेणव्याच्या घरासाठी माणूस

"दिवाळीच्या आत चावी हातात देईन," स्नेहल म्हणाली, आणि गिरजाबाईंनी चहा न पिताच कप खाली ठेवला.

शहापूरची ही पोरगी लोकांच्या घरदुरुस्तीवर देखरेख करायची. गवंडी, सुतार, प्लंबर, सगळे तिच्या मुठीत. गिरजाबाईंच्या मुलाला, शेखरला, ती बघताक्षणी पटली. शेणवे गावातलं आईचं घर नवं करून तो शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना भाड्यानं देणार होता. काम संपलं की आईनं त्याच्या कल्याणच्या फ्लॅटवर राहायला जायचं, हे ठरलेलं. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तिथलं कुलूप गिरजाबाईंना उघडता येत नसे. मागच्या खेपेला मुलगा-सून कामावर गेले, की त्या अंधार पडेपर्यंत आत दाराशीच बसून राहायच्या.

स्नेहल गेल्यावर त्या म्हणाल्या, "आणखी कोणी बघूया का रे?"

"तूच निवड, आई. फक्त मुरबाडचा तो सुदाम नको. भाताची आवणी आली की त्याचे गडी पळाले, कापणी आली की परत पळाले, मग काय तर गावदेवाचा नारळ राहिला. एक काम पुरं नाय केलं बाबानं."

"त्याचं काम बघून तरी येते. न बघता नावं कशाला ठेवा?"

मुरबाडला त्यांची माहेरची मैत्रीण ठमी राहायची. तिचं घर सुदामकडेच होतं. अर्ध्या भिंतीला गिलावा, खांबातून वर आलेल्या सळया, आणि खाली गोणपाटावर बसून ठमी तांदूळ निवडत होती.

"कधीपासून चाललंय गो?"

"सुरू केलं तवा नातू पाळण्यात होता. आता शाळेत जातो."

"मग शिव्या घालत असशील सुदामला."

"सून घालते. मी च्या घालते." ठमीनं एक खडा लांब फेकला. "घर झालं की पोरं विकायचं म्हणतायत."

घरी येऊन गिरजाबाई शेखरला म्हणाल्या, "सुदामलाच बोलव. गिलावा चांगला करतो."

शेखरनं कपाळावर हात मारला. पण निवड आईवर सोडून बसला होता.

सुदाम आला. भिंती ठोकून बघितल्या, शिडी लावून कौलं हलवून बघितली. खाली उतरून हात झाडत म्हणाला, "दिवाळीच्या आत हातावेगळं करतो, शेखरदादा. आता माझी माणसं पक्की हायत."

शेखर खूश झाला. गिरजाबाई उंबऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. ज्याच्या भरवशावर होत्या, तोही स्नेहलसारखाच बोलला होता. त्यांना ते कुलूप आठवलं.

तेवढ्यात शेखरला फोन आला आणि तो बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेला.

सुदामनं तिकडे एकदा पाहिलं. मग उंबऱ्याशी उकिडवा बसून हळूच म्हणाला, "मुलांसमोर असंच बोलावं लागतं, मावशी. ठमीआजीनं नातवाच्या लग्नापर्यंत सांगितलंय. तुमचं कुठवर लांबवू?"