दोघींचं पुस्तक

हंगेरीहून क्लीव्हलंडला मुलाकडे राहायला आलेल्या एटेल्काला इंग्रजी येत नव्हतं आणि तिच्या सुनेला, नोरीनला, हंगेरियन. एटेल्का दिवसभर एक कादंबरी घेऊन बसायची. तिचा इंग्रजी अनुवाद नोरीनला लायब्ररीत मिळाला, आणि दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून वाचू लागल्या. सासू हसली की नोरीन प्रकरणाचा आकडा बघून आपल्या पुस्तकात ती जागा शोधायची आणि मागाहून हसायची.

"माझी काही गरज उरली नाही म्हणायची!" बालिंट आईला आणि बायकोला चिडवायचा.

एका दुपारी तो कामावर असताना एटेल्का पुस्तक हातात धरून रडताना दिसली.

"घरची आठवण आली का, आई?"

तिला प्रश्न कळला नाही. मग नोरीनने कादंबरीतली म्हातारी आपल्या घराला शेवटचं कुलूप लावते ते प्रकरण काढून पुढे धरलं. एटेल्काने ते आकड्यावरून ओळखलं आणि जोरजोरात मान हलवली. नाही, ते नाही. तिने आपल्या पुस्तकातलं अगदी शेवटचं प्रकरण उघडलं, पहिल्याच वाक्यावर बोट ठेवलं आणि सुनेकडे बघत राहिली.

नोरीनने घाईघाईने पानं उलटली. अनुवाद करणाऱ्या त्या अनोळखी बाईचे मनोमन आभार मानत तिने ते वाक्य वाचलं.

"सत्तराव्या वर्षी मला मुलगी झाली, माझ्या मुलाने ती लग्न करून घरी आणली."