निळी तगर

सारजाबाईच्या दारात सगळी गल्ली लोटली होती. नगरपालिकेने हवा तपासायला घरोघरी दिलेल्या तगरीला तिच्याकडे निळी फुलं आली होती. म्हणजे हवा विषारी आणि रसायनाच्या कारखान्याचा परवाना रद्द!

“धूर काय हिच्याच घरी पाहुणा जातो?” शेजारच्या चंद्राक्का फणफणल्या. त्यांनी आपल्या पांढऱ्या फुलांना गुपचूप कपड्यांची नीळ फासली.

तपासणीला आलेल्या नगरपालिकेच्या निरीक्षकाने आधी चंद्राक्कांचंच फूल चोळलं. बोट निळं झालं.

“सगळी गल्ली लबाड,” म्हणत त्याने कारखान्याच्या परवान्यावर मंजुरीचा शिक्का उगारला.

“साहेब, माझी खरी आहेत!” सारजाबाई कळवळली. “आक्का, तुम्ही तरी सांगा. आपल्या दोघींच्या नाती खोकून बेजार झाल्यात.”

आक्कांनी पदर सावरला. “मला काय ठाऊक बाई, तुझ्या फुलांचं?”