चौथं बोट

"बाप पिणारा कर," रामलिंग सर म्हणाले. "मग बघ कथा कशी उभी राहते ते."

लुंबिनी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. नांदेडचा एवढा गाजलेला दिवाळी अंक, त्याचे संपादक, आणि त्यांच्या हातात अकरावीतल्या पोरीची कथा! कथा तिच्या पप्पांवरच होती. आनंदराज पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटी शिकतात. ब्रेक हाताशी असून दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी थांबवतात. महिन्यात चपलांचे तीन जोड झिजवतात. शेवटी मम्मीच गाडी चालवते आणि पप्पा मागं बसून हॉर्न कुठं वाजवायचा ते सांगतात.

"हसवतेस झकास," सर म्हणाले. "पण हसवणारे माझ्याकडं पोत्यानं पडलेत. तुमच्या वस्तीतली पोरगी लिहिते म्हटलं, की वाचक जखम शोधतो."

"पण सर, पप्पा पीत न्हाईत. विहारात पुढं बसून पंचशील तेच म्हणतात."

"अगं, कथा आहे ही. कथेत कुठं शपथ घ्यायची असते?"

तिला पटलं. खरं तर काहीही पटवून घ्यायला ती घरूनच तयार होऊन आली होती.

पंचशील तिला पप्पांनी लहानपणी बोटांवर शिकवलं होतं. अंगठ्यापासून सुरू करायचं. चौथं बोट आलं, की खोटं बोलायचं नाही. पाचवी करंगळी, दारूला शिवायचं नाही. करंगळी सगळ्यांत बारकी, म्हणून तिला जास्त जपायचं, असं ते म्हणायचे. त्याच बोटांत पेन धरून लुंबिनीनं एका दुपारी पप्पांना दारू पाजली. दुसऱ्या पानावर त्यांनी मम्मीला तवा फेकून मारला. तिसऱ्या पानावर ते नालीत पडले. लिहिताना तिला भारी मजा आली, हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. कथेत जीव राहावा म्हणून स्कूटी आणि झिजलेल्या चपला तेवढ्या तशाच ठेवल्या.

अंक आला. पप्पा सकाळीच दुकानात जाऊन वीस प्रती घेऊन आले. विष्णुपुरीच्या कॉलेजात ते लॅबमध्ये कामाला. तिथं सगळ्यांना पेढ्यासोबत एकेक प्रत दिली. उरलेल्या विहारात वाटल्या. स्वतःची मात्र राखून ठेवली. "गडबडीत न्हाई वाचायची. रविवारी, निवांत."

संध्याकाळी लुंबिनीनं अंक उघडला. तिच्या फोटोखाली सरांनी जाड अक्षरात एक ओळ टाकली होती : 'लेखिकेच्या घरातली खरी कहाणी.'

तिनं फोन लावला. "सर, ती ओळ..."

"त्या ओळीनंच लोक रडून राहिले की! पुढच्या वर्षी आईवर लिही."

रविवारी पप्पांनी कथा वाचली. मिटली. अंकावर नसलेली धूळ रुमालानं पुसली आणि अंक फळीवर ठेवला. मम्मीनं विचारलं, "कशी हाय?" ते म्हणाले, "मोठी हाय." मग मम्मीला स्कूटी काढायला न सांगता पायीच कुठंतरी गेले.

कार्तिक पौर्णिमेला विहार भरला होता. पप्पा नेहमीसारखे पुढं गेले नाहीत. दाराशी, चपलांजवळ बसले. मग धम्मदीपकाका उठून पुढं बसले आणि पंचशील म्हणू लागले. मागच्या बाया पप्पांकडं बघत होत्या, मग मम्मीच्या हातांकडं, जणू माराचे डाग शोधत होत्या. लुंबिनीला वाटलं, जमीन फाटावी.

परतताना ती रस्त्यातच रडायला लागली. "पप्पा, सांगा की समद्यांला! म्हणा, पोरीनं मनानं लिहिलं, आपण कंदीच घेतली न्हाई."

"लॅबमधी इचारलं सोमवारीच. आनंदराज, हे खरं हाय का म्हणून."

"मग?"

"हाव म्हणलो."

"काऊन पण?"

"तुझ्या फोटोखाली छापलंय, खरी कहाणी. म्या न्हाई म्हणलो असतो, तर लबाड कोण ठरलं असतं? पहिलीच कथा हाय तुझी."

लुंबिनीला हुंदका आवरेना. "म्हणून तुमी पुढं बसला न्हाईत? लोक म्हणतील, यानंच पाचवं शील मोडलं, अन् ह्योच सांगून राहिला म्हणून?"

पप्पा थांबले. त्यांनी उजवा हात तिच्यासमोर धरला, अंगठ्यापासून मोजल्यासारखा. करंगळी ताठ होती. शेजारचं बोट त्यांनी हळूच मुडपलं.

"पाचवं शाबूत हाय, माय," ते म्हणाले. "चौथं मोडलंय."