शेवटचा पक्षकार

चिंधूकाका सही द्यायला तयार नव्हते.

मितेशने बाकीच्या सगळ्या केसेस दुसऱ्या वकिलांच्या गळ्यात मारल्या होत्या. भिवंडी कोर्टातलं टेबलही सोडलं होतं. आता घरी बसून संगीत नाटकाच्या चाली बांधायच्या, एवढंच त्याला हवं होतं. गोडाउनच्या जमिनींवरून भावाभावांत जुंपलेली असताना हा वकील पेटी बडवणार म्हणून गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. पण पक्षकाराने सही देऊन मोकळं केल्याशिवाय वकिलाची सुटका नाही, आणि खारबावचे चिंधूकाका काही केल्या सोडेनात. त्यांचा दावा सख्ख्या भावाशी, हिरामणशी, बांधावरून; मितेशच्या वकील वडिलांनी लावलेला. दोघांची घरं मात्र भिंतीला भिंत लागून.

"तुझ्या बापानी केस लावली, तूच संपव," काका म्हणाले. "मंग वाजव पेटी."

मितेशचा जीव मेटाकुटीला आला. तारीख जवळ आली की त्याला एक सूर सुचायचा नाही. शेवटी वैतागून त्याने पेटीच काकांच्या ओटीवर नेली. ज्यासाठी सोडतोय ते एकदा ऐका तरी, म्हणाला.

पहिलं पद त्याने लग्नात गातात त्या धवल्याच्या चालीवर बांधलं होतं. चाल त्याच्या आईची, आणि आईला ती शिकवली होती चिंधूकाकांच्या आईने. म्हातारी गावची धवलारीण. दोन्ही मुलांच्या लग्नात तीच गायली होती.

पद संपेपर्यंत हिरामण येऊन पायरीवर बसला होता. दोघे म्हातारे पोरांसारखे रडले. पुढच्याच तारखेला त्यांनी तडजोड करून दावा मिटवला. कोर्टाच्या फाटकातून बाहेर पडताना मितेशला कंटेनरचे हॉर्नसुद्धा सुरात वाटले.

रविवारी त्याने कोन गावातल्या आपल्या घरी नाटकाचं पहिलं वाचन ठेवलं. चार मित्र आले तरी पुष्कळ, असं तो बायकोला म्हणाला होता. दिपालीने दार उघडलं आणि त्याला हाक मारली. अंगण माणसांनी भरलं होतं. वडप्याहून, खारबावहून लोक आले होते. सगळे जोडीजोडीने बसलेले, मांडीवर पिशव्या, आणि कोणी शेजारच्याशी चकार शब्द बोलत नव्हतं. रसिक असावेत तर असे, मितेशला वाटलं. त्याला भरून आलं. त्याने पेटीला नमस्कार करून भाता उघडला.

पुढे बसलेले वडप्याचे रामनाथ उठले. शेजारच्या माणसाला दंडाला धरून त्यांनी पुढे आणलं आणि पिशवीतली केसची फाइल पेटीवर ठेवली.

"ह्यो माझा सख्खा भाऊ," ते म्हणाले. "चिंधूला वाजवलंस तेच आमाला वाजव. नंबर आमचा पयला हाय."