कोरी हाक

१९९८ सालची गोष्ट. वॉल्टरसाहेब रविवारच्या जुन्या बाजारात एका पितळी कुलपाकडे पाठ फिरवून निघाले, आणि दुकानदार नागोरावांनी हाक मारली नाही.

पद्मजाबाईंनी साहेबांची पावलं मोजली. सात झाली. पंधरा झाली. साहेब रद्दी पुस्तकांवरून, फुटक्या टेलिफोनांवरून, गंजक्या नळांच्या ढिगावरून पुढे गेले. चौकापाशी त्यांची टोपी दिसेनाशी झाली.

चूक बाईंचीच होती. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवलेला; अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यालाही त्यांनी येताना रिक्षात नीट धडा दिला होता. दुकानदार सांगेल त्याच्या निम्मं म्हणायचं. तो नाही म्हणाला की पाठ फिरवून चालू लागायचं. मागे वळला तो हरला. दुकानदाराची स्वतःची हाक आली तरच थांबायचं; बाकी कुणी काहीही ओरडो, तो डाव असतो. साहेबांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. हाच धडा बाईंनी केयूरला तो पाच वर्षांचा असताना मंडईत दिला होता.

केयूर त्यांचा एकुलता एक मुलगा. शनिवार पेठेतल्या तीन खोल्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. सोमवारी साहेब त्या कंपनीशी करार करणार होते आणि करार झाला तर केयूर सहा महिने अमेरिकेला जाणार होता. बाईंनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं.

केयूर स्कूटरवरून साहेबांच्या मागे गेला आणि एकटाच परत आला.

"संगम पुलावर गाठलं. थांबायलाच तयार नाहीत. म्हणतात, दुकानदाराने हाक मारली का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग?"

"अरे, पण उन्हाचे जातील कुठे?"

"तो रस्ता मुंबईला जातो, आई."

बाई नागोरावांकडे वळल्या. "अहो, मारा की एक हाक."

"मी हाक मारत नसतो. चारशे सांगितले, ते दोनशे म्हणाले. विषय संपला."

"वरचे दोनशे मी देते."

"ते कुलपाचे झाले. हाकेचे शंभर वेगळे."

"हाकेचे? शंभर?"

"बाई, तीस वर्षं इथं बसतोय, एकदाही मारली नाही. या बाजारात सगळा माल वापरलेला. माझी हाक तेवढी कोरी आहे."

"साठ."

"घ्या सावकाश. साहेब वाकडेवाडीला पोचले असतील."

आयुष्यात पहिल्यांदा पद्मजाबाईंनी सांगितला भाव मोजला. तरी नागोराव उठेनात. "इथं नाही मारणार. शेजारचे ऐकतील. पुढच्या रविवारी जो तो पाठ फिरवील." मग रिक्षा बोलावली. नागोरावांनी कुलूप मांडीवर घेतलं आणि पथारी सांभाळायला केयूरला बसवलं.

साहेब वाकडेवाडीच्या पुढे सापडले. टोमॅटोसारखे लाल झाले होते, चाल मात्र ताठ. रिक्षा वीस हात मागे थांबली. नागोराव उतरले. ओळखीचं कुणी नाही ना, हे त्यांनी पाहून घेतलं, घसा खाकरला आणि पुटपुटले, "अहो साहेब."

"हे काय? मोठ्याने मारा!"

"शंभरात एवढीच येते."

"नागोराव!"

मग नागोरावांनी डोळे मिटले आणि अशी हाक मारली की पलीकडच्या ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. "अहो साहेब! या, घेऊन जा!"

साहेब वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, तुमचा नियम अगदी खरा!" ते इंग्रजीत ओरडले.

सगळे बाजारात परतले तेव्हा केयूरने पथारीवरचे अकरा नळ निम्म्या भावात विकले होते. "कुणी पाठ फिरवली की मला बघवेना," तो म्हणाला. "हाक मारत गेलो." नागोराव बराच वेळ कपाळाला हात लावून बसले.

सोमवारी साहेबांनी कंपनीचा दर ऐकला, निम्मा सांगितला आणि उठून दाराकडे चालू लागले. मालक श्रीनिवासराव खुर्चीतून हलले नाहीत. "जाऊ दे. आपण कुणाला हाका मारत नाही." केयूरने चार पावलं कळ काढली. मग ओरडला, "साहेब, या, घेऊन जा!" काल साहेबांनी त्याला पथारीवर बसलेलं पाहिलं होतं, दुकानदाराची हाक म्हणून त्यांनी ती मान्य केली. करार आणि केयूर, दोन्ही घेऊन गेले, निम्म्या भावात.

श्रीनिवासराव केयूरशी पुन्हा बोलले नाहीत. पुढे त्यांची कंपनी दुसऱ्या कुणी घेतली, ती मात्र सांगितल्या भावात. नागोराव २००६ साली गेले. पथारीवर आता त्यांचे जावई बसतात आणि आल्यागेल्याला हाका मारतात. पितळी कुलूप साहेबांनी ओहायोत आपल्या गॅरेजला लावलं. त्याला किल्लीच नव्हती, हे नंतर लक्षात आलं. गाडी आत आहे म्हणतात.

केयूरचं विमान लोहगावहून सकाळचं होतं. तो पाया पडला, बॅग उचलली आणि काचेच्या दाराकडे चालू लागला. बाईंनी सवयीने पावलं मोजली. सातव्याला त्यांचं तोंड उघडलं. मग मिटलं. केयूरने मागे वळून पाहिलं नाही. त्याला धडा पाठ होता.

त्या सहा महिन्यांची आता सत्तावीस वर्षं झाली. हाक पद्मजाबाईंजवळही होती. अजून आहे. कोरीच.