एका मुलाचा वर्ग

दुर्बिणीला डोळा लावला आणि नवलला मॅडम रडताना दिसल्या.

कॉलेजच्या मागच्या मोकळ्या रानात लेव्हलिंगचं, म्हणजे जमिनीचे चढउतार मोजायचं, प्रॅक्टिकल चाललं होतं. अलीकडे तिपाईवर दुर्बीण, तिच्यामागे नवल. पार पलीकडे, केळीच्या बागेच्या कडेला, आकडे रंगवलेली उंच मोजपट्टी, म्हणजे स्टाफ, सरळ धरून कोकिळा मॅडम. नुसत्या डोळ्यांना एवढ्या लांबून एक निळी साडी तेवढी दिसत होती. दुर्बिणीत मात्र त्या हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ होत्या. एका हातात स्टाफ, दुसऱ्या हाताने कानाला मोबाईल. त्या काही बोलल्या, थांबल्या, पुन्हा भरभर बोलल्या. मग फोन ठेवून त्यांनी पदराने डोळे पुसले.

नवल चटकन बाजूला झाला. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं त्याला.

स्टाफ धरायचं काम खरं तर मुलांचं. पण जळगावजवळच्या त्या कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला मुलं अशी नव्हतीच. एकटा नवल होता. पहिल्या वर्षी चार-पाच जण होते. कुणी कम्प्युटरला गेलं, कुणी पुण्याला. शेवटपर्यंत बरोबर राहीन म्हणणारा झुलालही सुट्टीनंतर परतला नाही. नवलला लहानपणापासून पूल बांधायचे होते. तो राहिला, आणि त्याच्या मागेपुढे रिकाम्या बाकांच्या रांगा राहिल्या.

एकट्याच्या वर्गात डुलकी घेता येत नाही. दांडी मारता येत नाही. गणित अडलं तर शेजारच्याच्या वहीत डोकावता येत नाही, आणि मॅडमनी विनोद केला तर कुणाकडे बघून हसायचं तेही कळत नाही. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या शाखांची पोरं टोळक्याने बसत. नवल पाववडा घेऊन जिन्यावर बसे. पारोळ्याकडच्या गावातून आईचा, भिकुबाईचा, फोन येई. ती हटकून विचारायची, “दोस्त भेटनात का रे?”

“हा माय,” मित्र मिळालेत, सगळे चांगले आहेत असं तो खोटंच सांगायचा, “बठ्ठा चांगला शेतस.”

मागच्या आठवड्यात प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं. सिव्हिल शाखा बंद करायचं घाटत होतं. “धुळ्याच्या कॉलेजात जागा आहे, ते घेतील तुला,” प्राचार्य म्हणाले. “तू गेलास तर इथली शाखा यंदाच बंद होईल. राहिलास तर तू पास होईपर्यंत चालवू. काय ते तू ठरव.”

“जातो सर,” नवल म्हणाला. विचारसुद्धा केला नाही त्याने.

बाहेर आल्यावर त्याला मॅडम आठवल्या. वरच्या वर्गांतली मुलं आधीच दुसरीकडे गेली होती आणि शाखेत शिकवणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. फैजपूरहून रोज बसने यायच्या. एका मुलासाठीही फळ्यावर मोठमोठ्या अक्षरांत लिहायच्या, शेवटच्या बाकावरून दिसावं असं. तो गेला तर त्यांची नोकरी जाणार हे उघड होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत त्याने ते सांगायचं टाळलं होतं. आता प्राचार्यांनीच कळवलं असणार. फोनवर, भर उन्हात, हातात स्टाफ असताना.

नवलने दुर्बीण तशीच सोडली. ढेकळं तुडवत तो आधी चालत निघाला, मग पळतच सुटला. पोचला तेव्हा मॅडम स्टाफ सरळ धरूनच उभ्या होत्या.

“रीडिंग घेतलंस?”

“मॅडम, मी जात नाही.” त्याला धाप लागली होती.

“कुठे?”

“धुळ्याला. इथंच राहतो मी. शाखा चालू राहील. सरांना आत्ता सांगून येतो.”

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्टाफ अलगद बांधावर आडवा ठेवला.

“वेडा आहेस का? महिनाभर धुळ्याच्या विभागप्रमुखांच्या मागे लागले होते मी. आपल्या प्राचार्यांनाही मीच तयार केलं.”

“तुम्ही? पण मग तुमचं...”

“माझं मी बघेन. हे बघ नवल, बरोबर उत्तर मी तुला देऊ शकते. पण शेजारी बसून चुकीचं उत्तर देणारं कुणी नको का? त्याच्याशी भांडायला नको? ते मी कुठून आणू?”

केळीची पानं वाऱ्याने सळसळत होती. वर्षभर नवल रिकाम्या बाकांत बसून होता. समोर उभ्या असलेल्या बाईंनाही रोज तेच बाक दिसत असतील, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“मग मघाशी तुम्ही रडत का होतात?” त्याने हळूच विचारलं.

मॅडम दचकल्या. वळून त्यांनी दूरवरच्या तिपाईकडे पाहिलं, आणि ओशाळं हसल्या.

“धुळ्याचाच फोन होता. तुझं पक्कं झालं म्हणाले. मग विचारलं, मुलगा कसा आहे? किती दिवसांत मला कुणी असं विचारलं नव्हतं रे. सांगतच सुटले मी.”

“काय सांगितलंत?”

मॅडमनी पदराचं टोक पुन्हा डोळ्यांना लावलं.

“म्हटलं, वर्गात पहिला आहे.”