चिमणीचा पान्हा

पंचगंगेचं पाणी गोठ्यात शिरलं, तेव्हा आईनं रडतच चिमणी म्हशीचं दावं सोडलं. मग आम्ही शाळेतल्या निवाऱ्यात गेलो. आठवडाभर आईला घास गेला नाही.

पाणी उतरलं आणि चिमणी आपल्या पायानं दारात हजर! गल्लीनं शिट्ट्या मारल्या. आई तिच्या गळ्यातच पडली, "आली की गं माझी बाय!"

अंगावर चिखल नव्हता. शिंगांना तेल होतं. कास फुगलेली नव्हती, म्हणजे कुणीतरी रोज धार काढत होतं.

"ज्यानं सांभाळली, त्याचं भलं होऊ दे," म्हणत आई हसतच चरवी घेऊन बसली. तिनं हाक मारली की चिमणी पान्हा सोडायची. आज सोडेना. तिचे कान नदीकडं लागले होते.

तेवढ्यात नदीतून हाक आली, "चिमेऽऽ!"

आवाज आईचा होता. आई माझ्यासमोर ओठ मिटून बसली होती.

चिमणीनं पान्हा सोडला.